लॅपटॉपमधील दुसरी हार्ड डिस्क

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून काही जणांना नवल वाटले असेल. शिक्षणसंस्थेच्या मेळाव्यात समाजाचे मागासलेपण, मुलींचे उच्च शिक्षण, शिष्यवृत्त्या असे विषय यावेत. तेथे लॅपटॉपमध्ये दुसरी हार्ड डिस्क कशी बसवावी, हा विषय कशासाठी? आणि तोही भाषा शिकविणाऱ्या बी.ए., बी.एड. मास्तराने का मांडावा?

याचे उत्तर आपल्या घराघरांत आहे. आज अकरावीचा प्रवेश, शिष्यवृत्तीचा अर्ज, महाविद्यालयाचा प्रकल्प, स्पर्धा परीक्षेचा सराव, यांपैकी बरेचसे काम संगणकावर करावे लागते. आपल्या पुष्कळ घरांत एकच लॅपटॉप असतो आणि त्यावर दोन-तीन भावंडे अभ्यास करितात. तो कोणा मामूंनी आखातातून येताना आणलेला असतो, किंवा शहरातून जुना म्हणून विकत घेतलेला असतो. चार-पाच वर्षांनी तो रखडू लागतो. बटण दाबून चहा प्यावा, तरी तो सुरू झालेला नसतो. मग मूल म्हणते, "अब्बा, आता नवाच घ्या." अब्बा बिचारे हिशेब करितात. काही जण कर्ज काढून नवा घेतात. काही जण "पुढच्या वर्षी पाहू" म्हणतात आणि ते वर्ष मुलाच्या अभ्यासातून वजा होते.

या दोन वाटांखेरीज तिसरी एक वाट बहुधा उपलब्ध असते, ती आपणांस माहीत नसते म्हणून बंद राहते. जुन्या लॅपटॉपमध्ये एक नवी डिस्क वाढविली, तर नव्या यंत्राच्या किमतीच्या लहानशा अंशात तो आणखी काही वर्षे उत्तम काम देऊ शकतो. ही वाट कोणती, तिच्यावर खाचखळगे कोठे आहेत, आणि दुसरी डिस्क बसविल्यावरही कोणती एक मोठी चूक लोक करितात, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

प्रथम डिस्क म्हणजे काय ते पाहू. विद्यार्थ्याच्या खोलीत एक टेबल असते आणि एक कपाट असते. अभ्यासाला बसताना लागणारी वही-पुस्तके आपण कपाटातून काढून टेबलावर मांडितो. अभ्यास संपला की परत कपाटात ठेवितो. संगणकातील टेबल म्हणजे रॅम, आणि कपाट म्हणजे हार्ड डिस्क. वीज गेली की टेबल मोकळे होते. कपाटातील वस्तू तशाच राहतात. आपली छायाचित्रे, पत्रे, पुस्तके आणि संगणक चालविणारी विंडोजसारखी मूळ प्रणाली, ही सारी कपाटात असतात.

या कपाटाचा इतिहास मनोरंजक आहे. १९५६ साली अमेरिकेतील आयबीएम कंपनीने 'रॅमॅक' नावाच्या संगणकाबरोबर पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली. तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या, तिचे वजन सुमारे एक टन होते, आणि तिच्यात सुमारे ५० लाख अक्षरे मावत. आज मोबाइलवर काढलेले एखादे मोठे छायाचित्रसुद्धा तिच्यात मावणार नाही. लॅपटॉपमधील अडीच इंची डिस्क ही तिचीच नात म्हणावी. तिच्यातही तबकडी फिरते, मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेते, आणि एक बारीक भुजा तिच्यावर पुढे-मागे सरकून मजकूर शोधते. ग्रामोफोनच्या तबकडीची आठवण ज्येष्ठांना होईल. फरक एवढाच, की ग्रामोफोनची सुई तबकडीला टेकते आणि हिची टोके तबकडीला न टेकता केसाहूनही कमी अंतरावर तरंगतात. म्हणूनच चालू लॅपटॉपला धक्का लागणे वाईट.

दुसरा प्रकार एसएसडी या नावाने ओळखला जातो. तिच्यात फिरणारे काहीही नसते. सारा मजकूर चिपांमध्ये साठविलेला असतो. फरक किती? फिरणाऱ्या डिस्कमध्ये भुजेला दर वेळी योग्य जागी जाऊन तबकडी फिरून येण्याची वाट पाहावी लागते. त्यामुळे विखुरलेला मजकूर शोधण्याची कामे ती सेकंदाला साधारण शंभरच्या आसपासच करू शकते. एसएसडी तशी कामे सेकंदाला हजारोंनी करिते. संगणक सुरू होताना अशा हजारो लहान लहान फायली वाचाव्या लागतात. म्हणून डिस्क बदलली की तोच जुना लॅपटॉप, जो दोन-तीन मिनिटे घेत होता, तो अनेकदा अर्ध्या मिनिटाच्या आत-बाहेर सुरू होतो.

परंतु औषधाआधी रोगाचे निदान हवे. सारेच रखडणे डिस्कमुळे असते असे नाही. निदानाची एक सोपी रीत सांगतो. विंडोज असलेल्या लॅपटॉपवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबा. 'टास्क मॅनेजर' उघडेल. त्यात प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क असे रकाने दिसतात. यंत्र रखडत असताना डिस्कचा रकाना सतत १०० टक्क्यांजवळ राहत असेल, तर डिस्क हळू आहे. मेमरीचा रकाना भरलेला असेल, तर टेबल लहान आहे. आधी रॅम वाढविण्याचा विचार करावा. दोन्ही रिकामे असून प्रोसेसरच सतत दमत असेल, तर डिस्क बदलून फारसा लाभ होणार नाही. डिस्कमधून टकटक असा आवाज येऊ लागला असेल, तर दुसरे काहीही करण्याआधी महत्त्वाच्या फायलींची प्रत काढून घ्यावी, कारण ती डिस्क फार काळची सोबती नाही. आणि बॅटरी फुगून लॅपटॉपचा तळ किंवा कळफलक वर आला असेल, तर तो मुळीच वापरू नये, दाबू नये; जाणकार दुकानदाराकडून आधी बॅटरी काढून घ्यावी.

आता दुसरी डिस्क बसविण्यास जागा कोठे असते ते पाहू. या बाबतीत लॅपटॉपांचे साधारण तीन वर्ग पडतात.

पहिल्या वर्गात सीडी-डीव्हीडी चालविण्याचा खण असलेले लॅपटॉप येतात. साधारण २००६ नंतरची आणि पुढील दहा-बारा वर्षांतील पुष्कळ यंत्रे या वर्गातली. आज सीडी कोण वापरतो? तो खण रिकाम्या खोलीसारखा पडून आहे. त्या जागी बसणारी एक चौकट मिळते, तिला बाजारात 'कॅडी' म्हणतात. कॅडीत अडीच इंची डिस्क बसते आणि कॅडी सीडीच्या खणात सरकते. कॅडी दोन जाडींच्या मिळतात, १२.७ मिलिमीटर आणि ९.५ मिलिमीटर. आपला सीडीचा खण बाहेर काढून कंपासपेटीतील पट्टीने त्याची जाडी मोजावी आणि मगच दुकानात जावे. नववीच्या मुलालाही हे मोजमाप जमेल. तसेच सीडीच्या खणाचे जोडणीचे तोंड 'साटा' प्रकारचे आहे ना, हे पाहून घ्यावे. फार जुन्या यंत्रांत ते निराळे असते.

दुसऱ्या वर्गात ज्यांना सीडीचा खण नाही, परंतु आत 'एम.२' नावाची चिंचोळी खाच आहे, असे नवे लॅपटॉप येतात. या खाचेत बसणारी एसएसडी च्युइंगमच्या पट्टीएवढी असते. तिच्यावरील २२४२, २२६० किंवा २२८० हा आकडा म्हणजे तिचे मापच होय: रुंदी २२ मिलिमीटर, आणि लांबी ४२, ६० किंवा ८० मिलिमीटर. येथे फसगत होते ती अशी, की एकसारख्या दिसणाऱ्या पट्ट्या आतून दोन जातींच्या असतात. एक 'साटा' आणि दुसरी 'एनव्हीएमई'. काही लॅपटॉपांची खाच एकच जात ओळखते. चुकीची आणली तर ती बसेलही, पण दिसणार नाही. वायफायच्या कार्डासाठी असलेली लहान खाच पुष्कळांना डिस्कची वाटते. तिच्यात डिस्क चालत नाही. म्हणून लॅपटॉपच्या तळावरील मॉडेल क्रमांक लिहून घ्यावा आणि कंपनीच्या संकेतस्थळावरील दुरुस्ती-पुस्तिका पाहावी. कोणती डिस्क, किती मापाची, किती स्क्रू, हे सारे तिच्यात चित्रांसह दिलेले असते. पुस्तिका इंग्रजीत असते हे खरे. पण ती वाचणे हा इंग्रजीचा उत्तम धडा आहे.

तिसऱ्या वर्गात अगदी पातळ व स्वस्त लॅपटॉप येतात. त्यांत ३२ किंवा ६४ जीबी साठा मूळ पाटीवरच डाखलेला असतो. तो काढता येत नाही. यांपैकी काहींत जादा डिस्कची जागा ठेवलेली असते, काहींत नसते. नसेल तर बाहेरून यूएसबीने जोडावयाची डिस्क हाच मार्ग. येथे एक विनंती: पुढील वेळी लॅपटॉप घ्याल, तेव्हा रंग आणि जाडी पाहण्याआधी दुकानदाराला एकच प्रश्न विचारा, "यात पुढे दुसरी डिस्क आणि जादा रॅम बसेल का?" या एका प्रश्नाने यंत्राचे आयुष्य काही वर्षांनी वाढते.

जागा कळली, डिस्क आणली. आता प्रत्यक्ष काम. यंत्र हमीच्या मुदतीत असेल, तर उघडण्याआधी हमीपत्राच्या अटी वाचाव्या. नव्या विंडोजमध्ये पुष्कळदा डिस्क कुलूपबंद असते, त्याला 'बिटलॉकर' म्हणतात. यंत्रात बदल केला की ते ४८ अंकी किल्ली मागू शकते. ती किल्ली आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यातून आधीच कागदावर उतरवून घ्यावी. आणि सर्वांत पहिले काम म्हणजे महत्त्वाच्या फायलींची प्रत बाहेर काढून ठेवणे.

मग लॅपटॉप पूर्ण बंद करावा. झोपविणे म्हणजे बंद करणे नव्हे. चार्जर काढावा. बॅटरी बाहेरून निघत असेल तर काढावी. आत असेल तर तळ उघडल्यावर प्रथम तिची जोडणी सोडवावी. त्यानंतर सुरू करावयाचे बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरावे, म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाते. गालिच्यावर बसून हे काम करू नये. स्वच्छ टेबलावर करावे, आणि आतील भागांना हात लावण्याआधी एखाद्या मोठ्या धातूच्या वस्तूला स्पर्श करावा. अंगातील स्थिर विजेचा आपणांस न जाणवणारा झटकाही चिपांना पुरेसा असतो.

स्क्रूंच्या बाबतीत एक युक्ती सांगतो. कोऱ्या कागदावर लॅपटॉपच्या तळाची आकृती काढावी आणि ज्या जागेचा स्क्रू निघेल तो त्याच जागी कागदावर चिकटपट्टीने लावावा. सारे स्क्रू सारख्या लांबीचे नसतात. आखूड स्क्रूच्या जागी लांब स्क्रू पिळला, तर तो आतील पाटीत घुसतो आणि शंभर रुपये वाचविताना हजारोंचे नुकसान होते. पेचकस मापाचा असावा. मोठा पेचकस स्क्रूचे डोके खातो. कोठेही जोर लावू नये. जे निघत नाही, तेथे बहुधा एखादा स्क्रू रबराखाली लपलेला असतो.

सीडीचा खण बहुतेक यंत्रांत तळाच्या एकाच स्क्रूने धरलेला असतो. तो काढला की खण हळूच बाहेर सरकतो. त्याची पुढची प्लॅस्टिकची पट्टी आणि मागची लहान धातूची पट्टी सोडवून कॅडीला लावावी, म्हणजे लॅपटॉप विद्रूप दिसत नाही आणि कॅडी हलत नाही. आता महत्त्वाची गोष्ट: नवी एसएसडी कॅडीत घालू नये. ती मूळ डिस्कच्या जागी बसवावी आणि जुनी फिरणारी डिस्क कॅडीत पाठवावी. कारण काही यंत्रांत सीडीच्या बाजूची जोडणी कमी वेगाची असते आणि तेथून संगणक सुरू होण्यास अडचण येते. वेगाचे काम एसएसडीने करावे, आणि साठवणुकीचे काम जुन्या डिस्कने. घरातही तरुणाने धावपळ करावी आणि वडिलधाऱ्यांनी ठेव सांभाळावी, तसेच हे.

आता मूळ प्रणाली नव्या डिस्कवर कशी न्यावी? दोन रीती आहेत. एक म्हणजे जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत नव्या डिस्कवर उतरविणे. त्यासाठी नवी डिस्क यूएसबी-साटा वायरने आधी बाहेरून जोडून नक्कल करावी, मग ती आत बसवावी, आणि पहिल्यांदा यंत्र केवळ नव्या डिस्कवर सुरू करून पाहावे. दोन्ही डिस्क एकदम लावल्या, तर संगणकाला दोन जुळी भावंडे दिसतात आणि तो गोंधळतो. दुसरी रीत म्हणजे नव्या डिस्कवर प्रणाली नव्याने घालणे. त्या वेळीही जुनी डिस्क काढून बाजूस ठेवावी, म्हणजे चुकून तीच पुसली जाण्याचा धोका उरत नाही. कोणतीही रीत घ्या, जुनी डिस्क पंधरा दिवस तरी जशीच्या तशी राहू द्या. सारे ठीक चालले आहे अशी खात्री झाली की मगच तिला कॅडीत जागा द्या.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि पुष्कळ जुन्या यंत्रांवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. अशा यंत्रांसाठी उबुंटू किंवा लिनक्स मिंट यांसारख्या विनामूल्य प्रणाली आहेत. लेखन, वाचन, अर्ज भरणे, मराठी व उर्दू टंकलेखन ही सारी विद्यार्थ्यांची कामे त्यांवर होतात. चोरीच्या प्रती वापरण्यापेक्षा ही हलाल वाट केव्हाही बरी.

डिस्क बसविल्यावर ती दिसली नाही, तर घाबरू नये. प्रथम यंत्र सुरू होतानाच उघडणाऱ्या बायोस या पडद्यावर तिचे नाव येते का, ते पाहावे. तेथे नाव नसेल तर जोडणी सैल आहे किंवा जात जुळत नाही. तेथे नाव आहे, पण विंडोजमध्ये दिसत नाही, तर कोरी डिस्क अजून आखलेली नाही एवढाच अर्थ. नव्या वहीला समास पाडावा तसे तिला 'डिस्क मॅनेजमेंट'मध्ये जाऊन आखावे लागते. तेथे 'जीपीटी' हा प्रकार निवडावा. मात्र आपल्या फायली असलेल्या जुन्या डिस्कबद्दल संगणकाने "आखू का?" असे विचारले, तर होकार देऊ नये. तो होकार म्हणजे भरलेल्या वहीवर पाणी ओतणे होय.

विद्यार्थ्यांनी आणखी एक गंमत पाहावी. ५०० जीबीची डिस्क विंडोजमध्ये ४६५ जीबीच दिसते. दुकानदाराने फसविले असे पुष्कळांना वाटते. खरी गोष्ट अशी, की कंपनी हजाराच्या पटीने मोजते आणि विंडोज १०२४ च्या पटीने. ५०० अब्जाला १०२४ ने तीनदा भागून पाहा. उत्तर ४६५ आणि काही अपूर्णांक येईल. फसवणूक येथे नाही. ती असते अत्यंत स्वस्तात प्रचंड क्षमता सांगणाऱ्या नकली डिस्कांत. त्यांच्यावर छापलेला आकडा मोठा, पण आत जागा थोडी. भरल्यावर मजकूर नाहीसा होतो. म्हणून पावती देणाऱ्या दुकानातूनच घ्यावी.

आता मी त्या मोठ्या चुकीकडे वळतो. लॅपटॉपमध्ये दोन डिस्क आल्या की लोक म्हणतात, "आता आमच्या फायली दोन ठिकाणी आहेत, काळजी मिटली." ही समजूत खोटी आहे. दोन डिस्क म्हणजे दोन ठिकाणे नव्हेत. लॅपटॉप बसमध्ये विसरला, चोरीस गेला, त्यावर चहा सांडला, विजेचा लोळ आला, की दोन्ही डिस्क एकदमच जातात. एकाच घराच्या दोन कपाटांत ठेवलेले दागिने घराला आग लागली तर दोन्हीकडचे जातात.

आपल्या कोकणाला हे निराळे सांगावयास नको. जुलै २००५ चा पूर ज्येष्ठांच्या स्मरणात आहे. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात शिरले आणि त्याच सुमारास सावित्रीने महाडला वेढले. पुष्कळांनी जीव वाचविले, पण घराघरांतील कपाटे पाण्याखाली गेली. त्या वेळी कळून आले की प्रत्येक कागदाची एक प्रत पुराची रेषा जेथे पोहोचत नाही, अशा जागी असली पाहिजे.

ही दृष्टी आपल्या परंपरेत आहेच. कुरआन शरीफ हाफिजांच्या हृदयात सुरक्षित होते. इसवी सन ६३३ च्या सुमारास यमामाच्या लढाईत अनेक हाफिज शहीद झाले, तेव्हा हजरत अबू बकर (रजि.) यांनी हजरत जैद बिन साबित (रजि.) यांच्याकडे लिखित संकलनाचे काम सोपविले. पुढे हजरत उस्मान (रजि.) यांच्या काळात प्रती तयार होऊन त्या निरनिराळ्या शहरांत पाठविण्यात आल्या. त्या थोर कार्याशी आपल्या गुणपत्रिकांची तुलना करण्याचा माझा मुळीच हेतू नाही. परंतु जे मोलाचे आहे ते एकाहून अधिक रीतींनी आणि एकाहून अधिक ठिकाणी जपावे, हा धडा आपण तेथून अवश्य घ्यावा.

जाणकारांचा नियम असा: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतील एक दुसऱ्या ठिकाणी. घरगुती रूप सांगतो. एक प्रत लॅपटॉपमध्ये. दुसरी बाहेरच्या डिस्कवर. महिन्यातून एकदा, समजा पहिल्या रविवारी, ती जोडावी, नव्या फायली उतरवाव्या आणि काढून ठेवावी. सतत जोडून ठेवू नये, कारण लॅपटॉपमध्ये शिरलेला विषाणू तिच्यातही शिरतो. तिसरी प्रत गावातील मामूंकडे किंवा मुंबईच्या चाचांकडे. गुणपत्रिका व ओळखपत्रांसाठी शासनाने २०१५ साली सुरू केलेले डिजिलॉकर आहे. त्याचा लाभ प्रत्येक विद्यार्थ्याने घ्यावा. एक सूचना: एसएसडी वर्षानुवर्षे वीज न देता कपाटात टाकू नये, तिच्यातील मजकूर पुसट होऊ शकतो. दीर्घकाळ ठेवण्यास फिरणारी डिस्क बरी, आणि तीही अधूनमधून जोडून पाहावी.

पालकहो, शेवटची एक गोष्ट अमानतीची. जुना लॅपटॉप विकताना किंवा दुरुस्तीस देताना त्यातील डिस्कवर आपल्या घरातील माणसांची छायाचित्रे आणि बँकेचे कागद असतात. फाईल 'डिलीट' केल्याने ती नाहीशी होत नाही. अनुक्रमणिकेतून नाव खोडले तरी पान पुस्तकात राहावे तसे ते असते. म्हणून विकण्याआधी डिस्क काढून घ्यावी किंवा रीतसर पूर्ण पुसावी. त्याचप्रमाणे आपण घेतलेल्या जुन्या डिस्कवर दुसऱ्या कोणाची छायाचित्रे सापडली, तर ती पाहू नयेत, कोणाला दाखवू नयेत, पुसून टाकावी. दुसऱ्याच्या बंद दाराआड डोकावू नये, ही शिकवण संगणकालाही लागू आहे.

वाहत्या नदीच्या काठी वुजू करितानाही पाणी वाया घालवू नये, असे आपल्याला शिकविले आहे. चालू शकणारे यंत्र भंगारात टाकून कर्जाने दुसरे घेणे, हाही इस्राफच होय. नव्या वस्तूला माझा विरोध नाही. जेथे गरज आहे तेथे जरूर घ्यावी. पण गरज आहे की नाही हे ठरविण्याइतके ज्ञान आपल्याजवळ हवे. नाही तर तो निर्णय दुकानदार आपल्या वतीने घेतो.

संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना मी एक नम्र सूचना करितो. शाळेत पेचकसांचा एक चांगला संच, एक यूएसबी-साटा वायर आणि दोन मापांच्या कॅडी एवढे साहित्य ठेवावे. महिन्यातून एका रविवारी नववीपुढील मुला-मुलींनी शिक्षकांच्या देखरेखीखाली शाळेतील बंद पडलेले संगणक उघडावे, आणि हात बसल्यावर पालकांचे लॅपटॉप तपासून द्यावे. मी "मुला-मुलींनी" असे मुद्दाम म्हणतो. शिलाई यंत्राचा पट्टा बदलणारी आणि कुकरचा व्हॉल्व्ह साफ करणारी आपली मुलगी लॅपटॉपचे चार स्क्रू काढू शकत नाही, असे मानण्यास काही आधार नाही. या कामात ताकद लागत नाही. सबुरी, स्वच्छता आणि वाचन लागते.

विद्यार्थी मित्रांनो, यंत्राचा तळ उघडल्यावर आत जादू नसते. तेथे माणसाने विचारपूर्वक रचलेल्या वस्तू असतात, आणि जे एका माणसाने रचले ते दुसरा समजून घेऊ शकतो. आपल्या धर्माचा पहिला आदेश वाचण्याचा आहे. पुस्तक वाचा, पुस्तिका वाचा, आणि यंत्रही वाचावयास शिका. अल्लाहतआला आपल्या मुलांच्या इल्ममध्ये बरकत देवो आणि त्यांच्या हातून दुसऱ्यांची कामे होवोत, अशी दुआ करितो.